मुका व्हिडिओ

बाबांना जाऊन पंधरवडा झाला, तेव्हा त्यांचा व्हिडिओ एडिटर मुलगा त्यांच्या आठवणींची छोटीशी फिल्म करायला बसला. धाकट्या बहिणीनं चार महिन्यांपूर्वी फोनवरून पाठवलेला व्हिडिओ त्यानं आज पहिल्यांदा उघडला. बाबा हसत हसत काहीतरी सांगत होते, पण आवाज येईना.

"दादा, बिघडलाय का रे?" शेजारी बसलेल्या बहिणीनं विचारलं.

"नाही गं. माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे ना, त्यावर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला फोनच्या व्हिडिओतला आवाज कळत नाही. फाइलचा फॉरमॅट बदलून घ्यावा लागतो. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांनी बाबा बोलू लागले.

"हे पाठव त्याला. समोर बसून बोललो तर त्याला वेळ नसतो. दिवसभर लोकांचं बोलणं कानाला लावून बसतो ना, व्हिडिओत बोललो तर माझंही ऐकेल."