गाडीचे मधले दात

आईच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून जुनी गाडी दारातच उभी होती. स्टिअरिंग दगडासारखं जड, तिला वळवेचना. "गाडीला रविवारी गिऱ्हाईक येतंय," बाबा म्हणाले. लेकीचं डोकंच फिरलं. तिने भंगारवाल्याकडून मोटरवालं, हलकं फिरणारं स्टिअरिंग आणलं आणि जुनं उघडलं. आतल्या, चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीचे मधलेच दात झिजले होते. म्हणूनच हातातलं चाक बरंच फिरेपर्यंत गाडीला पत्ताच नसायचा तर! नवं बसवून तिने आईला चालवायला बसवलं. आईने सवयीने चाक गर्रकन फिरवलं आणि गाडी थेट कुंडीवर! "म्हटलं नव्हतं, विकून टाकू?" बाबा गरजले. आईने मात्र एका बोटाने चाक डावीकडे नेलं, मग उजवीकडे. "अगंबाई, ही तर सांगितल्यासरशी ऐकते! या घरात पहिल्यांदाच कोणीतरी." बाबांनी खिडकीतून किल्लीकडे हात नेला. "मागे बसा," आई म्हणाली, "आणि बसल्याबसल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा."