वाफेचं पाणी

बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसपाशी जमीन पुन्हा ओली झाली होती. जयदीप फडकं घेऊन वाकला आणि त्याच्या पोटात नेहमीची कळ आली.

बाहेर उणे तीस होतं. पाणी तुंबलं की हा नव्या धर्तीचा फर्नेस आपोआप बंद पडतो, असं त्याने वाचलं होतं. तो आणि बायको जाई ऑफिसला गेल्यावर घरात आई एकटीच असायची. कॅल्गरीच्या थंडीत, गार पडलेल्या घरात, सत्तरीची बाई. पुढचा विचार त्याला सहन होत नसे.

मेकॅनिकला तर काहीच सापडलं नव्हतं. नळी साफ, सांधे पक्के. जाताना तो एवढंच सांगून गेला की हे पाणी धुरातलं, आम्लाचं, साचलं तर काँक्रीटसुद्धा खातं. म्हणजे आता जमिनीचीही काळजी. दुष्काळात तेरावा महिना.

आईला, प्रमिलाबाईंना, मात्र त्या यंत्राचं कोण कौतुक. त्या जालन्याहून आल्या तेव्हा जयदीपनेच हौसेने समजावलं होतं, की हा फर्नेस धुरातल्या वाफेचंही पाणी करतो. ते सगळं गटारात जातं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. जन्मभर टँकरची वाट पाहिलेली बाई ती.

तो वर आला तेव्हा आईने तांब्याचा तांब्या पुढे केला. रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी सकाळी अनशापोटी घ्यायचं, म्हणजे पोटाला बरं, ही तिची शिस्त. तो उभ्यानेच प्यायला, म्हणून बोलणीही खाल्ली.

"टेन्शनने पोट बिघडलंय तुझं. डॉक्टरची अपॉइंटमेंट घे," जाई म्हणाली.

"लीक फिक्स झालं की आपोआप बरं होईल."

तिने तांब्या उचलून पाहिला. "किती लखलखतोय! रोज चिंच लावता का, आई?"

"नाही गं. इकडे घासावाच लागत नाही."

सुट्टीच होती; दुपारी जयदीप पुन्हा बेसमेंटमध्ये उतरला आणि पायरीवरच थांबला. आईने निचऱ्यातून नळी उपसून तिचं टोक एका पातेल्यात सोडलं होतं. पाणी थेंबथेंब पडत होतं, थोडं बाहेरही सांडत होतं.

तो मटकन पायरीवर बसला आणि हसत सुटला. फर्नेस धडधाकट होता. आई थंडीत गारठणार नव्हती. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटलं.

"नळी परत नीट बसवत नाहीस ना तू?"

"घालते रे, पण कधी सुटते," त्या ओशाळून म्हणाल्या. "एवढं स्वच्छ पाणी वाया जाताना बघवत नाही मला."

"बरं, करतेस काय याचं? तुळशीला घालतेस?"

त्यांनी पातेल्यावर जपून स्वच्छ फडकं झाकलं.

"तुळशीला कशाला? तिला नि आम्हाला नळाचं चालतं. हे शुद्ध वाफेचं, म्हणून रोज गाळून फक्त तुझ्या तांब्यात भरते."