मिठागराचे वकील

कमळाकर वकिलांच्या पडवीत हौसा उकिडवी बसली होती. पदराखाली भाकरीचं फडकं. चौकीत अडकवलेल्या नवऱ्यासाठी तिनं भाकरी पहाटे थापली होती. शिपायानं ती दारातूनच परतवून लावली.

चार दिवसांपूर्वी गव्हाणच्या मिठागराचा मुकादम काशीराम बांधावर मरून पडलेला सापडला. आदल्या दिवशी हौसाच्या नवऱ्याचं, तुळशीरामचं, त्याच्याशी भांडण झालं होतं. फौजदाराला तेवढं पुरलं.

पनवेलात वकील काही हे एकटेच नव्हते. पण हौसा सरळ इथंच आली, कारण हे मिठागराचे वकील. गावचा वैदू जसा सगळ्या गावाचा, तसा मिठागराचा वकील मिठागरावर राबणाऱ्या सगळ्यांचा, असं तिनं धरलं. वीस वर्षं ते मिठागराच्या मालकाचं, शेटचं, मीठ खात होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गरिबाला असलं काही सांगायला कुणाचं अडलंय?

“फाशी व्हईल का, सायब?”

“खुनाला फाशी, नाहीतर जन्मठेप. खटला अलिबागला चालेल.” वकील पान लावत होते.

“जामीन?”

“खुनात सहजी मिळत नाही, बाई.”

“मारून मारून त्याचा अंगठा घेतलाय कागदावर. मीच केला म्हनून.”

“पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही.”

हौसाच्या जिवात जीव आला. वकिलांनी कायदा सांगताना एक अक्षर खोटं सांगितलं नाही, एवढं कबूल करायला हवं.

“पण नुसतं ‘मी नाही’ म्हणून कुणी सुटत नसतो. पुरावा काय आहे तुझ्याकडे?”

“हाय ना. बुटाचा ठसा हाय.”

पान वकिलांच्या हातातच राहिलं.

“मिठागरात आमी समदी अनवानी. बूट घालून वाफ्यात उतरतो कोन? येकला शेटचा मुलगा. मुडदा पडला व्हता त्याच्या खालतीच, सात नंबरच्या वाफ्यात, चिखलात त्याचा ठसा उमटलाय. टाचेचा नाल पन दिसतो. फौजदार बांधावरनंच परत गेला, चिखलात पाय घातला नाय त्यानं. मी वर पाटी पालथी घातलीय.”

“आणखी कुणी पाहिलाय?”

“नाय. तुमालाच सांगते.”

“हौसाबाई, अशा खाली का बसलात? वर बसा. पाणी घ्या.”

आजवर एकाही शहाण्या माणसानं तिला अहोजाहो केलं नव्हतं. ती संकोचली आणि खालीच बसून राहिली.

“त्या वाफ्यात पाणी कधी घेतात?”

“बांधातली उघाडी काढली, की भरतीचं पानी आत येतं. म्हनून तर जिवाला घोर हाय. तुमी येऊन बघा, लिवून घ्या.”

“उद्या सकाळी येतो. तोवर कुणाजवळ बोलू नका.”

हौसानं उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि ती निघाली. ती कोपऱ्यावरून वळते न वळते, तोच वकिलांनी चिठ्ठी लिहून कारकुनाच्या हातात दिली.

“दादू, सायकल काढ. आधी सात नंबरच्या वाफ्यातल्या पाटीखालचा चिखल तुडव, मग चिठ्ठी शेटना दे. म्हणावं, उघाडी आजच्याच भरतीला काढा आणि चिरंजीवांना मुंबईला पाठवा.”

मग त्यांनी राहिलेलं पान तोंडात घातलं.

गव्हाणच्या वाटेवर हौसाच्या मागून घंटी वाजली. ती बाजूला झाली. बघते तर वकिलांचा कारकून.

“आजच निघालात, भाऊ?”

“साहेबांनी पाठवलं,” दादू उतरून म्हणाला. “सात नंबरचा वाफा कुठला गं?”

तिचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, आणि उद्याचं काम त्यानं आजच हाती घेतलं!

“देवळाम्होरनं बांध धरा. तिसऱ्या उघाडीपाशी पाटी दिसंल, तिला लाल चिंधी बांधलीय. अलगद उचला हां, भाऊ. ठशाची कड मोडंल.”

“बरं,” दादू म्हणाला आणि त्यानं पायंडलवर पाय दिला.

सायकल दिसेनाशी होईपर्यंत हौसा हात जोडून उभी होती. चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. ती वाटेच्या कडेला बसली आणि फडकं सोडून तुळशीरामची भाकरी तिनं पोटभर खाल्ली. आता त्याला ताजीच थापून घालायची होती, घरी.