एक खुर्ची कमी

एका दिव्यांग केंद्रात दर रविवारी मदतीला जाता जाता ताई तीस वर्षांत त्याच केंद्राची संचालिका झाली. तिचा एकच नियम होता, पण कडक. ज्याच्याबद्दल ठरवायचं, तो माणूस समोर खुर्चीत येऊन बसल्याशिवाय मीटिंग सुरू करायची नाही. मग त्याला बोलता येवो न येवो. एका मुलीची बस चुकली म्हणून तिनं बड्या बड्या पाहुण्यांनाही पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं.

बाबांना अर्धांगवायू झाला, तेव्हा ताई आहे म्हणून भावंडांनी हुश्श केलं. ताईचं तर हे रोजचंच काम! शनिवारी सगळे बाबांच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती जमले. ताईनं कागद पुढे ओढून मुद्दे लिहायला घेतले. बाबांनी कुणाकडे राहायचं, मदतीला माणूस कोण ठेवायचा, या घराला कुलूप कधी लावायचं.

"ताई, एक खुर्ची कमी पडतेय गं," धाकटा भाऊ म्हणाला.

"बाबांच्या खोलीतली आण," ती मान वर न करता म्हणाली.

तासाभरात सगळं मार्गी लागलं. कुणाचा आवाजसुद्धा चढला नाही. ठरलेलं सांगायला ताई आत गेली. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, एका हातानं लावलेली बटणं वरखाली झालेली.

"झालं बोलून?" जड जिभेनं एकेक शब्द जुळवत ते म्हणाले. "धाकट्यानं खुर्ची नेली, तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठीच मांडताय."