ताईंचा साहित्यिक वारस

विज्ञानकथा लिहिणाऱ्या संजीवनीताईंच्या दहाव्याला वडगाव निंबाळकरात इंदापूरहून वाचकांची जीप भरून आली. सगळे पक्के विज्ञाननिष्ठ; पण पिंडाला कावळा शिवेना, तशी त्यांचीही चुळबुळ सुरू झाली. घरच्यांनी धाकट्याच्या लग्नाचा, गुरांच्या चाऱ्याचा शब्द देऊन पाहिला. कावळा बाभळीवर ढिम्म.

ताईंचे दीर रावजीतात्या वाचकांकडं वळले. "आता तुमीच बघा. तिचा जीव पुस्तकातच अडकलाय."

वाचकांतला संदेश या घडीचीच वाट बघत होता. ताईंचा साहित्यिक वारस आपणच, याबद्दल निदान त्याला तरी शंका नव्हती. तो हात जोडून पुढं झाला. "ताई, काळजी करू नका. तुमची अर्धी राहिलेली कादंबरी मी पुरी करतो. चार प्रकरणं झाली बी हायेत."

कावळा उठला आणि पार पल्याडच्या उसात गेला.

"शब्द मागं घे, भावा," त्याच्याबरोबर जीपमधून आलेली अंजली मागून म्हणाली. "म्हातारी माणसं उपाशी हायेत."

संदेशनं पुन्हा हात जोडले. "बरं, ताई. न्हाय लिहीत."

तो इतक्या हळू बोलला, की मागं उभ्या अंजलीलाही ऐकू गेलं नाही. पण आख्ख्या वडगावातले कावळे एकदम पिंडावर तुटून पडले.