फार सुंदर भेट

ड्रायव्हर सावळारामने कपाटामागून खोकं ओढून काढलं. वरचा भेटीचा कागद तसाच होता.

जपानचे वाणिज्यदूत मोरिनो निवृत्त होऊन मायदेशी निघाले होते. ही भेट पाच वर्षांपूर्वी सावळारामनेच दिलेली. देणाऱ्यासमोर उघडायची नाही, ही जपानी रीत. म्हणून त्यांनी बाजूला ठेवली आणि विसरले. दुसऱ्या दिवशी "फार सुंदर!" असं मात्र तोंडभरून सांगितलं होतं.

आज त्यांनी त्याच्यासमोरच कागद फाडला. आत शिसवी पाटी होती, देवनागरीत त्यांचं नाव कोरलेली.

"वडिलांनी कोरली," सावळाराम खाली बघत म्हणाला. "दारावर बघायला दोनदा फाटकापर्यंत आले. 'साहेबांनी आत लावली असेल,' शेवटपर्यंत म्हणायचे."

मोरिनो कमरेत वाकले. मान वर करवेना. दारावर नव्या साहेबांची पाटी सकाळीच लागली होती.