तिसऱ्या सकाळचा ट्रे

"हात घाल," आस्गर म्हणाले.

"शी, बाबा! बुरशी आहे ती."

"बुरशी परवा दिसेल. आज नुसता कोंडा आणि चिरलेला पेंढा. दाखवू का, कशी पेरतात?"

"नंतर," सिग्नेने पुस्तकातून डोकं न काढता म्हटलं.

आस्गर हसले. ती सहा वर्षांची असल्यापासून ते 'दाखवू का' विचारत होते आणि ती 'नंतर' म्हणत होती. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची, तेवढंच. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि वाफवलेल्या पेंढ्यावर बुरशीच्या बीजाची काळी भुकटी चाळणीने भुरभुरवली.

"ज्या पेंढ्याला गाय तोंड लावत नाही, तो ही खाणार. खाताना जो रस सोडेल तो कागद गिरणीवाले लगदा मऊ करायला पिंपं भरून नेतात. परवा सकाळी ट्रे उलथायला हवा मात्र. नाहीतर स्वतःच्याच उबेने मरते बिचारी."

"उलथशील की तू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आस्गर सायकलवर बेकरीत गेले आणि परतताना चर्चच्या वळणावर कोसळले. पावांची पिशवी तेवढी घरी आली. त्यात खसखशीचा एक होता, सिग्नेचा. गेलेल्या जीवाला वाट मिळावी म्हणून शेजारणीने त्यांच्या खोलीची खिडकी उघडली, अंगणातला झेंडा अर्ध्यावर आणला.

तिसऱ्या सकाळी त्यांचा भागीदार प्रेबेन आला. टोपी हातात धरून दारात उभा राहिला.

"विचारायला लाज वाटते पोरी. ट्रे कुणी उलथला का?"

सिग्ने उठली.

शेडच्या काचा आतून घामेजल्या होत्या. बाहेर तळ्यावर बर्फ होता.

"हीटर चालू राहिला वाटतं."

"तो कालच आपोआप बंद झाला. आता खोली बुरशीच तापवते." प्रेबेनने ट्रेमधली तापमापी उपसली. "एकोणचाळीस. आणखी तासभर, आणि सगळं गेलं असतं."

सिग्नेने ट्रेवरचं फडकं उचललं. सुटा पेंढा उरलाच नव्हता. काडी न काडी पांढऱ्या लवेने एकमेकींना बांधलेली होती, कडेपासून कडेपर्यंत, आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला पाण्याचा टिपूस होता. भाजलेल्या चेस्टनटसारखा वास आला. कालपासून घरात सगळं थांबलं होतं, आणि इथे ते क्षणभरही थांबलं नव्हतं.

प्रेबेनने हातमोजे पुढे केले. तिने ते घेतले नाहीत. कोपरापर्यंत हात धुतले आणि मनगटापर्यंत आत घातले.

आत माणसाच्या हाताएवढी ऊब होती.

तिने पहिली ढेप फोडली, उलटी केली. मग दुसरी. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली. प्रेबेन दाराकडे वळला, तिला एकटं सोडायला. त्याच्या पाठीमागे ती मोठ्याने म्हणाली,

"दाखव ना, बाबा."